पेल्यातला 'इंडिया'

'इंडिया पेल एल' या बियरच्या नावातील 'इंडिया' हा शब्द म्हणजे खरे तर पिंपावर लिहिलेला पत्ता होय. माल कोठे तयार झाला याच्याशी त्याचा संबंध नाही. तो कोठे पाठवायचा, एवढेच तो सांगतो. त्या बियरमध्ये भारतात पिकलेला एकही घटक नव्हता. बार्ली इंग्लंडची, हॉप्स इंग्लंडचे, पाणी प्रथम लंडनचे आणि पुढे बर्टनचे. आपला वाटा इतकाच, की ती पिणारी माणसे काही वर्षांकरिता आपल्या देशात राहत होती आणि ज्या कंपनीच्या जहाजांतून ती येई, ती कंपनी येथे राज्य करीत होती.

आज बंगळूर, गुरुग्राम किंवा पुण्यातील मायक्रोब्रुअरीच्या फळ्यावर हे नाव दिसते. परदेशी स्थायिक झालेल्या वाचकांना तर ते कोपऱ्यावरच्या दुकानातही भेटत असेल. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा या लेखाचा हेतू नाही. सेवेच्या ओघात अबकारीच्या फायली पुष्कळ हाताळाव्या लागल्या, आणि ज्या वस्तूवर आपण शेरे लिहितो ती वस्तू निदान समजून घ्यावी, या विचाराने या बियरचा इतिहास आणि चव या दोहोंकडे वळलो. इतिहास वाचताना असे ध्यानी आले, की ही चव घडविण्यात बियर बनविणाऱ्या कारागिराइतकाच हात उधारीच्या मुदतीचा, जहाजाच्या भाड्याचा आणि जकातीच्या दरपत्रकाचा होता.

प्रचलित दंतकथा अशी. अठराव्या शतकात इंग्लंडहून भारतात पाठविलेली बियर चार-सहा महिन्यांच्या सागरी प्रवासात आंबून जाई. तेव्हा लंडनच्या जॉर्ज हॉजसन याने तीत भरपूर हॉप्स घालून, मद्यार्क वाढवून ती टिकाऊ केली आणि येथील तहानलेल्या गोऱ्या शिपायांची सोय झाली. ही कथा बाटल्यांच्या मागच्या लेबलांवरही छापलेली असते. मार्टिन कॉर्नेल या ब्रिटिश अभ्यासकाने जुनी वृत्तपत्रे व कागदपत्रे धुंडाळून तिचा बराचसा भाग निराधार ठरविला. हॉजसनच्या आधीपासून आणि त्याच्या काळातही पोर्टरसारखी काळी बियर भारतात सुखरूप पोहोचत होती. उष्ण प्रदेशात जाणाऱ्या बियरमध्ये हॉप्स अधिक घालावेत, हा सल्ला इंग्लंडातील कारखानदारांना अगोदरच ठाऊक होता. हॉप्समधील कडू आम्ले बियर आंबट करणाऱ्या जीवाणूंना वाढू देत नाहीत, तेव्हा दंतकथेत तथ्याचा अंश आहे. पण शोधकर्ता हॉजसन, हे काही खरे नाही.

मग हॉजसनच का? उत्तर अगदी नीरस आहे आणि म्हणूनच मला पटते. त्याचा कारखाना १७५२ मध्ये पूर्व लंडनमधील बो येथे, ली नदीच्या काठी सुरू झाला. कंपनीची जहाजे जेथे नांगर टाकीत ते ब्लॅकवॉल तेथून जवळ होते. पिंपे पडावांत घालून नदीतून थेट जहाजापर्यंत नेता येत. दुसरी गोष्ट उधारीची. कंपनीच्या जहाजांवरील कप्तानांना व अधिकाऱ्यांना स्वतःच्या खाजगी व्यापारासाठी ठरावीक जागा मिळे. हॅम, चीज, काचसामान, टोप्या असा माल नेऊन ते कलकत्त्यात आणि मद्रासेत विकीत. हॉजसन त्यांना तब्बल १८ महिन्यांची उधारी देई, म्हणजे जाऊन, माल विकून, परत येऊन मग पैसे द्यायचे. शिवाय भारतातून लंडनकडे जाणारी जहाजे मालाने भरलेली असत, तर लंडनहून निघताना ती बरीचशी रिकामी असत; त्यामुळे येणाऱ्या मालाचे भाडे कमी. जवळचा धक्का, लांबची उधारी आणि स्वस्त भाडे या तिघांच्या बळावर हॉजसनचे नाव कलकत्त्यात बियरचा पर्याय होऊन बसले.

प्रवासाने मात्र एक काम नकळत केले. हॉजसन जी फिकट बियर पाठवी ती 'ऑक्टोबर बियर'च्या जातीची होती. इंग्लंडातील जमीनदार ती शरद ऋतूत बनवून तळघरात एक-दोन वर्षे मुरत ठेवीत. तीच बियर पिंपात भरून जहाजाच्या पोटात गेली, अटलांटिकमधून विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला, केपला वळसा घालून पुन्हा विषुववृत्त ओलांडून बंगालच्या उपसागरात. सतत हिंदकळणे आणि उकाडा यांमुळे पिंपात मंद आंबवण चालू राही आणि दोन वर्षांचे मुरणे काही महिन्यांतच होई. हा लाभ आयता मिळालेला होता. आपल्याकडे लोणच्याची बरणी उन्हात ठेवतात, तसा हा प्रकार म्हणावा, फक्त बरणी हलत होती.

पुढे हॉजसनच्या वारसांना मक्तेदारीची धुंदी चढली. १८२१ च्या सुमारास फ्रेडरिक हॉजसन आणि त्याचा भागीदार ड्रेन यांनी कप्तानांना बाजूला सारून माल स्वतःच भारतात पाठविण्याचे ठरविले, उधारी बंद केली आणि दर वाढविले. दुसरा कोणी बाजारात उतरला की भाव पाडून त्याला हुसकवायचे आणि मग पुन्हा चढवायचे, हाही उद्योग चाले. आज अशी तक्रार स्पर्धा आयोगाकडे गेली असती. तेव्हा ती एका जेवणाच्या टेबलावर गेली. कंपनीचे एक संचालक कँबेल मार्चबँक्स यांनी १८२२ मध्ये बर्टन येथील कारखानदार सॅम्युएल ऑलसॉप याला जेवायला बोलावून हॉजसनच्या बियरचा नमुना दाखविला आणि असा माल करून पाहा म्हणून सुचविले. ऑलसॉपलाही नवी बाजारपेठ हवीच होती. बर्टनची गोडसर, गडद बियर आजवर रशियाला जाई. रशियाने १८२२ मध्ये आयातकर असा काही वाढविला, की तो व्यापार बसला. ऑलसॉपचा माल्ट तयार करणारा जॉब गुडहेड याने पहिला प्रयोग चहाच्या किटलीत केला, अशी गोष्ट सांगतात. ती १८५३ साली निघालेल्या, ऑलसॉपची बाजू घेणाऱ्या एका पुस्तकात आली आहे. तेव्हा किटलीवर किती विश्वास ठेवावा हे वाचकांनीच ठरवावे. पहिली खेप १८२३ मध्ये रवाना झाली. मागोमाग बर्टनचाच बास हा कारखाना उतरला आणि १८३० च्या दशकात त्याने हॉजसनला मागे टाकले.

सेंट पीटर्सबर्गमधील कोणा अधिकाऱ्याने जकातीचे दरपत्रक बदलले आणि कलकत्त्याच्या जेवणाची चव बदलली, हे मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत बोलके वळण वाटते. कारण बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट भरपूर आहे. सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, कोरडा आणि धारदार लागतो; लंडनच्या पाण्यात तो तसा उठून दिसत नसे. आज जगभरचे कारखानदार आपल्या पाण्यात जिप्सम मिसळून बर्टनची नक्कल करतात. ज्या चवीला आपण 'इंडिया पेल एल'ची चव म्हणतो, ती भूगर्भातून बर्टनला मिळाली आणि बर्टन या व्यापारात आले ते रशियाच्या आयातकरामुळे. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापील स्वरूपात प्रथम आढळते तेही भारतात किंवा इंग्लंडात नव्हे, तर १८२९ मधील सिडनीच्या एका वृत्तपत्रातील जाहिरातीत. १८३९ मध्ये बर्टनला रेल्वे आली आणि मग खुद्द इंग्लंडातील मध्यमवर्ग ही बियर पिऊ लागला.

आता गोऱ्या शिपायांविषयी. ही बियर त्यांच्यासाठी नव्हती. पलटणींकरिता सरकार निविदा मागवून विकत घेई ती मुख्यतः पोर्टर. बराकीत त्याखेरीज रम आणि अरक असे. पेल एल पिणारे म्हणजे कंपनीचे मुलकी नोकर, लष्करी अधिकारी, व्यापारी आणि निळीचे मळेवाले. थोडक्यात, माझ्याच खात्यांतील माझे पूर्वसूरी. जिल्ह्याच्या ठिकाणी बंगल्याच्या व्हरांड्यात ओल्या फडक्यात गुंडाळून गार केलेली बाटली आणि समोर महसुलाची कागदपत्रे, असे चित्र डोळ्यांपुढे येते.

त्या कागदपत्रांत काय होते, हे मात्र पाहिलेच पाहिजे. १८८२ मध्ये हिंदुस्थान सरकारने बहुतेक आयातकर रद्द केले, मद्यावरचे ठेवले. तरीही बियरवरील कर स्पिरिटच्या तुलनेत अगदीच किरकोळ होता. त्याच सुमारास देशी दारूच्या बाबतीत काय चालले होते? मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू गाळण्याचे काम मध्यवर्ती भट्ट्यांत आणि मक्तेदारांच्या हाती गेले. ताडीसाठी छेद द्यायच्या प्रत्येक झाडावर पट्टी बसली आणि वाढत गेली. कोकणपट्टीतील भंडाऱ्यांनी त्याविरुद्ध तक्रारी केल्या. १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांसाठीच एक स्वतंत्र कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध आले. ज्या वारली, ठाकूर, कातकरी कुटुंबांच्या अंगणात ते झाड, ज्यांच्या देवाला त्या दारूचा नैवेद्य आणि दुष्काळात ज्यांच्या पोटाला त्या फुलांचा आधार, त्यांनी जमिनीवर पडलेली फुले वेचून घरात ठेवणे हा गुन्हा होऊ शकत होता. सरकारचे म्हणणे असे, की आम्ही व्यसन आटोक्यात आणतो. प्रत्यक्षात अबकारीचे उत्पन्न वाढत गेले. जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आक्षेप नोंदविला होता, त्यामागे हाच अनुभव होता. साहेबाच्या पेल्यातील कडू बियर ही आरोग्याची बाब ठरली आणि आदिवासीच्या गाडग्यातील मोह ही कायद्याची.

हा विषय केवळ पुराव्यांच्या दप्तरात पडून राहिलेला नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मद्य हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. त्यांतील कित्येक कायद्यांचा सांगाडा जुनाच आहे. हरियाणात १९१४ चा पंजाब अबकारी कायदा चालतो, उत्तर प्रदेशात १९१० चा. केरळातील अबकारी कायद्याच्या नावात १०७७ हा आकडा आहे. तो मल्याळी संवत्सराचा, पण नवख्या अधिकाऱ्याला क्षणभर धडकी भरते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू असून त्यानुसार पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, हे परगावी गेलेल्या आपल्या मंडळींना सहसा आठवत नाही. गुरुग्राममधील झगमगीत मायक्रोब्रुअरी लॉर्ड हार्डिंजच्या काळातील कायद्याखाली चालते, हे तेथे पेला हाती घेतलेल्या तरुणाला सांगितले तर तो हसेल.

मधल्या काळाचा आढावा थोडक्यात घेतो. बियर आंबवायला थंडी लागते, म्हणून येथील कारखाने डोंगरात निघाले. मसुरीला १८३० च्या दशकातच एक कारखाना चालू होता. कसौलीचा कारखाना १८५५ चा आणि रावळपिंडीजवळील मरीचा १८६० चा. कसौलीचा संस्थापक एडवर्ड डायर. जालियनवाला बागेत १९१९ मध्ये गोळीबार करविणारा रेजिनाल्ड डायर हा त्याचा मुलगा, मरी येथेच १८६४ मध्ये जन्मलेला. कसौली-सोलनचा व्यवसाय पुढे मीकिन आणि १९४९ मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडे आला. दरम्यान बर्फाचे कारखाने आणि जर्मन पद्धतीची हलकी, गार लागर बियर यांनी पेल एलला मागे सारले. इंग्लंडातही करवाढ आणि महायुद्धे यांमुळे ती पातळ होत गेली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास 'इंडिया' हे अक्षर पुष्कळ ठिकाणी एक जुनी सवय म्हणून लेबलावर उरले.

तिचा पुनर्जन्म अमेरिकेत झाला. ओरेगनमधील सरकारी कृषिसंशोधनातून 'कॅस्केड' हा हॉप्सचा वाण १९७२ मध्ये प्रसृत झाला. त्याचे मूळ इंग्लंडच्या 'फगल' वाणात आणि एका रशियन वाणात आहे. इंग्लंड आणि रशिया येथेही एकत्र भेटले, याची गंमत वाटते. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने १९७५ मध्ये त्याचा वास पुढे आणणारी बियर काढली, आणि मग छोट्या कारखान्यांची रांगच लागली. आज 'क्राफ्ट' म्हणून मिळणारी इंडिया पेल एल ही या अमेरिकी शाखेची आहे. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीने 'डूलाली' हे नाव घेतले. हा आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा इंग्रज शिपायांनी केलेला अपभ्रंश. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत कंटाळून वेड लागलेल्या शिपायाला इंग्रजीत 'डूलाली' म्हणत. पत्त्यावरून पडलेले आणखी एक नाव.

आता पेल्याकडे वळू. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, कागदी पाकळ्यांची फुले. ही वेल आणि भांगेचे झाड एकाच कुळातील. एकीची फुले बियरमध्ये उकळली तर ते पेय, दुसरीची पाने घोटली तर तो अबकारीचा वेगळा रकाना! दोहोंच्या वासात साम्य आहे ते नाक सांगतेच. हॉप्स तासभर उकळले की त्यांतील आम्लांचे रूपांतर होऊन कडवटपणा उतरतो, पण वास उडून जातो. म्हणून वासासाठी ते अगदी शेवटी किंवा बियर गार झाल्यावर टाकतात. फोडणीतली मोहरी आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर यांत जो फरक, तोच हा.

फ्रिजमधून काढलेली बियर लगेच तोंडाला लावू नये. अतिथंडपणात वास गोठतो. दहा मिनिटे थांबून, तोंडाशी किंचित निमुळत्या पेल्यात ओतून आधी वास घ्यावा. पपनसाची साल, चीडाचा डिंक, कधी कैरी, कधी पिकलेला पेरू. वाणागणिक हे बदलते. मग घोट. प्रथम माल्टचा भाजलेल्या पोळीच्या कडेसारखा गोडवा येतो, आणि तो सरता सरता मागून कडवटपणा येऊन बराच वेळ रेंगाळतो. कारल्याच्या भाजीत गूळ का घालतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या बियरचा तोल समजायला अडचण पडू नये. गूळ कमी पडला तर नुसते कारले उरते, आणि अशी बियरही आजकाल पुष्कळ मिळते; कडवटपणाचा आकडा मोठा छापणे ही एक फॅशन झाली आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या लागरमध्ये हा आकडा दहा-पंधराच्या आसपास, तर इंडिया पेल एलमध्ये चाळीस ते सत्तर. सोबत तांबडा रस्सा घेऊ नये. कडवटपणाने तिखट अधिक भडकते. कोथिंबीर वडी किंवा कांदाभजी उत्तम.

अबकारीच्या फायलीत या कशालाही रकाना नाही. स्पिरिट मोजायचे 'प्रूफ लिटर'मध्ये, बियर 'बल्क लिटर'मध्ये. आणि बियरमधला फरक पुष्कळदा 'माइल्ड' आणि 'स्ट्राँग' एवढाच. सर्वसामान्य ग्राहक मग रुपयाला किती नशा हा हिशेब करतो आणि आपल्या देशात खपणारी बहुतांश बियर 'स्ट्राँग' असते, यात मला नवल वाटत नाही. कर मद्यार्काच्या प्रमाणात असावा, म्हणजे सौम्य पेय स्वस्त आणि जहाल पेय महाग, असे माझे मत आहे आणि ते मी संधी मिळाली तेव्हा टिपणीतही मांडले आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाशीही ते अधिक सुसंगत ठरेल. मोहाच्या दारूलाही हेच माप लावावे. अलीकडे काही राज्यांनी मोहाकडे वारसा म्हणून पाहायला सुरुवात केली आहे. परवान्याची फी मात्र ती गाळणाऱ्या बाईला परवडेल अशी हवी.

लेबलावर शासनाला हवे ते सारे असते: मद्यार्काचे प्रमाण, परवाना क्रमांक, कमाल किंमत, कोणत्या राज्यात विक्रीसाठी, वैधानिक इशारा. इंडिया पेल एल पिणाऱ्याने त्यात भरल्याची तारीख शोधावी. हॉजसनची बियर समुद्रावर सहा महिने काढून सुधारत असे. आजची, वरून टाकलेल्या हॉप्सच्या वासावर जगणारी, दोन-तीन महिन्यांत ओसरू लागते. गोदामात उकाड्यात पडून राहिली तर त्याहून लवकर, आणि पारदर्शक बाटलीला ऊन लागले तर वास उग्र होतो. मायक्रोब्रुअरीत ती टाकीतून थेट पेल्यात येते, तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. दुकानात मी फडताळाच्या मागच्या रांगेतली बाटली मागतो. तारखेचा शिक्का बहुधा पुसट असतो, म्हणून चष्मा बरोबर नेतो.